कंडेन्सर गेलाय, दादा!

पिनबॉल म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? माझ्या वयाच्या बहुतेकांना आठवतो तो घरातला अवजड कॉम्प्युटर, विंडोज एक्सपी आणि त्यातला 'स्पेस कॅडेट'. डावा फ्लिपर 'झेड'वर, उजवा तिरक्या रेघेच्या बटणावर. आमच्या घरी त्या कॉम्प्युटरवर मालकी हक्क दादाचा. तो इंजिनीअरिंगला, मी तिसरीत. कधी दयाळू होऊन त्याने बसू दिलंच, तर एक बटण त्याचं आणि एक माझं. डावा फ्लिपर मी, उजवा दादा. बॉल खाली पडला की चूक अर्थातच डाव्याची!

त्याच दादाच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या घरात, यंदाच्या फेब्रुवारीत, मी एका खऱ्याखुऱ्या पिनबॉल मशीनच्या पोटात डोकं घालून उभी होते. हातात टॉर्च. बाहेर गुडघाभर बर्फ. आणि गेले तीन दिवस आम्ही दोघं एकमेकांशी धड बोललो नव्हतो.

थांबा, आधी भांडणाचं सांगते.

जाड वायर, बारीक वायर

गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दादा तिसऱ्या दिवशी पुण्यात हजर! बारा दिवस राहिला आणि त्या बारा दिवसांत त्याने घर उलटंपालटं केलं. बाथरूममध्ये धरायला दांड्या, वॉकर, नवा पलंग, फिजिओथेरपिस्ट, आयाबाई, आईच्या औषधांची एक्सेल शीट आणि 'आई केअर' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. सगळे नातेवाईक खूश. 'बघा, अमेरिकेतून कसा धावत आला!'

धावत आला आणि उडून गेला. त्यानंतरचे सात महिने माझे. मी फ्रीलान्स पत्रकार. आपल्याकडे फ्रीलान्सचा अर्थ 'घरीच तर असते' असा होतो, हे तुमच्यातल्या फ्रीलान्सवाल्यांना वेगळं सांगायला नको. आयाबाईंनी दांडी मारली की मी. रात्री दोनला आईला उठवायला मी. इन्शुरन्सच्या ऑफिसचे फोन मी. या भानगडीत एक चांगलं सदर हातातून गेलं, बाहेरगावच्या दोन असाइनमेंट सोडाव्या लागल्या. तक्रार नाही केली. म्हणजे मोठ्याने नाही केली.

जानेवारीत दादाने तिकीट पाठवलं. 'ये, तीन आठवडे ब्रेक घे.' मावशी आईजवळ राहायला आली, मी विमानात बसले. दुसऱ्याच रात्री जेवताना दादा अगदी सहज म्हणाला, "मी सगळं सेट करून आलो होतो ना? मग तू एवढी दमलीस कशी?"

मी चमचा खाली ठेवला. "दादा, तू सेट करून आलास. चालवतेय मी."

तिथेच थांबायला हवं होतं. पण नाही थांबले. बाबांच्या शेवटच्या आजारपणातही तू असाच येऊन गेला होतास, हेसुद्धा म्हणून टाकलं. वहिनी उगाचच उठून मायक्रोवेव्हकडे गेली. दादा काही बोलला नाही. मग तीन दिवस आमचा संवाद म्हणजे 'मीठ दे' आणि 'गाडीची किल्ली कुठंय?'

कोंडी फोडली ती माझ्या सहा वर्षांच्या भाचीने. शनिवारी सकाळी बेसमेंटमधून वर येऊन तिने तिच्या अमेरिकन मराठीत जाहीर केलं, "आत्या, लेफ्ट फ्लिपर आजारी आहे."

तोंडावर वारा

दादाचं मशीन आहे 'व्हर्लविंड'. विल्यम्स कंपनीचं, १९९० चं, डिझायनर पॅट लॉलर. सेकंडहँड घेतलेलं. थीम वादळाची. खेळता खेळता वादळ आलं की टेबलातल्या गोल चकत्या गरगर फिरायला लागतात, बॉल वेडावाकडा पळतो आणि मशीनच्या डोक्यावर बसवलेला खराखुरा पंखा खेळणाऱ्याच्या तोंडावर वारा सोडतो! स्क्रीनवरच्या गेममध्ये ही मजा नाही, हे मी भांडणाच्या मूडमध्येही कबूल केलं.

मशीनचं माहेर जवळच. गॉटलिब, बॅली, विल्यम्स, पिनबॉलची ही मोठी नावं सगळी शिकागोची. विल्यम्सने १९९९ मध्ये पिनबॉलचं काम बंद केलं, पण 'स्टर्न' ही कंपनी अजूनही शिकागोच्याच उपनगरात नवी मशीन्स बनवते. या खेळाचा पूर्वज मात्र आपल्या ओळखीचा निघाला. बॅगटेल! लाकडी बोर्ड, त्यावर खिळ्यांची कुंपणं आणि गोट्या. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे माळ्यावरून काढायचो तोच.

सुरुवातीच्या पिनबॉलमध्ये फ्लिपर नव्हतेच. बॉल सोडायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. सगळा नशिबाचा मामला, त्यामुळे जुगाराचा शिक्का बसला. न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून थेट १९७६ पर्यंत पिनबॉलवर बंदी होती. १९४७ मध्ये गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनवर पहिल्यांदा विजेवर चालणारे फ्लिपर आले, तेही दोन नाही, सहा! तेव्हापासून खाली येणारा बॉल परत वर मारणं खेळणाऱ्याच्या हातात आलं. म्हणजे फ्लिपर गेला की उरतं ते नुसतं नशीब.

आणि डावा फ्लिपर खरंच आजारी होता. बटण दाबलं की उठायचा, पण सकाळी साडेसहाला आपण उठतो तसा. बॉल रॅम्पच्या निम्म्यावर जायचा आणि परत घरंगळत यायचा.

"कॉइल गेली असेल," दादा म्हणाला. तीन दिवसांतलं त्याचं सगळ्यात मोठं वाक्य.

पोटातलं रहस्य

आधी मशीन बंद. नुसतं बंद नाही, प्लग भिंतीतून बाहेर. मग पुढची पट्टी काढून काच सरकवली, बॉल काढून घेतले (ते आत राहिले तर टेबल उचलताना धडाधड घरंगळतात) आणि दादाने अख्खं टेबल वर उचलून टेकवलं.

वरून मशीन म्हणजे दिवाळी, खालून म्हणजे आपल्या सोसायटीचा मीटर बॉक्स. वायरी, वायरी आणि वायरी.

दादाने बोट दाखवलं. "ही फ्लिपरची कॉइल. हिच्यात एक नाही, दोन वायंडिंग असतात. एक जाड वायरचं, रेझिस्टन्स जेमतेम चार-पाच ओहम. पन्नास व्होल्ट मिळाले की त्यातून दहा अँपिअरच्या आसपास करंट जातो. दणका! त्या दणक्यात फ्लिपर उठतो. दुसरं बारीक वायरचं, शंभर ओहमच्या वर. त्यातून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी जातो. त्याचं काम, उठलेला फ्लिपर नुसता धरून ठेवायचा."

"जाड वायर कायम चालू ठेवली तर?"

"जळेल. ती तेवढ्यापुरतीच असते. डोळ्याची पापणी लवते ना, तेवढा वेळ. फ्लिपर वर पोचला की त्याचाच एक भाग या स्विचला ढकलतो, स्विच उघडतो, जाड वायर बंद. पुढे तू बटण दाबून कितीही वेळ उभी राहा, काम बारीक वायर करते."

मी म्हटलं, "आणि टाळ्या जाड वायरला."

खरंच सांगते, ठरवून नव्हते बोलले. तोंडातून निघून गेलं. दादा त्या कॉइलकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "बारीक वायर तुटली तर काय होतं माहितेय? फ्लिपर उठतो, वर जातो, स्विच उघडतो आणि धरायला कोणी नसतं म्हणून पडतो. पडला की स्विच परत लागतो, परत उठतो, परत पडतो. नुसता फडफडत राहतो. कितीही दणके दे, वर राहत नाही."

मी टॉर्च जरा सरळ धरला.

कॉइल ठीक निघाली. मीटरवर दोन्ही वायंडिंग बरोबर. प्लास्टिकची नळी, आतला दांडा, सांधे, सगळं तपासलं. मग दादाने तो स्विच जवळून पाहिला. दोन पत्र्याच्या पट्ट्या आणि टोकाला धातूचे दोन ठिपके. उजव्या फ्लिपरचे ठिपके मळके, पण सपाट. डाव्याचे काळे ठिक्कर, खड्डे पडलेले, तव्यावर करपलेल्या मोहरीसारखे.

"हे का जळले?" मी विचारलं.

आणि मग दादाच्या तोंडून तो शब्द आला, जो मी त्याच्या तोंडून किती वर्षांत ऐकला नव्हता. कपॅसिटर नाही. "कंडेन्सर!"

चेतकचा पॉइंट

कंडेन्सर म्हणजे काय, हे आपल्याला पंख्यामुळे माहीत असतं. पंखा मंद झाला, नुसता गुणगुणतोय, हाताने ढकलला की फिरतोय. इलेक्ट्रिशियनकाका येतात, वर न बघताच म्हणतात, 'कंडेन्सर गेलाय.' पांढरी किंवा काळी छोटी डबी बदलतात, पंखा भन्नाट पळायला लागतो. आतमध्ये असतं काय? दोन धातूचे थर आणि त्यांना एकमेकांना शिवू न देणारा मधला पातळ पडदा. वीज पार होत नाही, पण तिथे चार्ज साठतो आणि लागेल तेव्हा परत मिळतो. पंख्यात त्याचं काम वेगळं, मोटरच्या एका वायंडिंगमधला करंट जरा मागेपुढे करून तिला फिरायला सुरुवात करून देणं.

इथे, फ्लिपरच्या स्विचला जोडून, तशीच एक डबी होती. तिच्यावर लिहिलेलं, २.२ मायक्रोफॅरड, २५० व्होल्ट. मला हसूच आलं, कारण आपल्या पंख्यावर बहुतेक वेळा २.५ असतं. जवळपास सख्खी बहीण!

"पण इथे ती करते काय?"

दादाने क्षणभर विचार केला. "बाबांची चेतक आठवते?"

मला आठवते ती जेमतेम. निळी, कोपऱ्यात उभी, चालू करण्याआधी एका बाजूला वाकवावी लागणारी. दादाला ती पूर्ण आठवते. दर रविवारी बाबा पोतं पसरून बसायचे. पॉलिश पेपरची बारीक पट्टी करून पॉइंट घासायचे. दादा शेजारी उकिडवा, हातात पाना.

"पॉइंट जळले की बाबा म्हणायचे, नुसते घासू नकोस, का जळले ते बघ. कंडेन्सर गेला असणार." दादा म्हणाला. "इथेही तेच आहे गं. सेम टू सेम."

मग त्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. भरलेल्या पीएमटीत तुम्ही उभे आहात. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बस थांबली, पण तुम्ही थांबता का? पुढच्यावर जाऊन आदळता. कॉइलमधला करंट तसाच. स्विच उघडून आपण 'थांब' म्हटलं तरी तो एकदम थांबायला तयार नसतो. पुढे वाट नाही म्हटल्यावर व्होल्टेज पन्नासाच्या कितीतरी वर उसळतं आणि करंट स्विचच्या उघडणाऱ्या फटीतून उडी मारतो. तीच ठिणगी. प्रत्येक ठिणगीला धातूचा कण जळतो, खड्डा पडतो. खड्डे पडले की स्विच नीट टेकत नाही, जाड वायरला पुरता करंट मिळत नाही आणि फ्लिपर आळशी होतो.

कंडेन्सर स्विचच्या दोन्ही बाजूंना जोडलेला असतो. स्विच उघडला की तो म्हणतो, उडी मारू नकोस, इकडे ये. त्या निमिषापुरता करंट त्याच्यात शिरतो, तोवर फट रुंद होते, ठिणगी पडत नाही किंवा अगदी बारीक पडते. म्हणून तर त्याच्यावर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं. पन्नास व्होल्टच्या कामाला एवढं कशाला, असं वाटतं, पण त्याला पन्नास नाही, ती उसळी झेलायची असते.

१९९२ च्या सुमाराला विल्यम्स आणि बॅलीच्या मशीन्समध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे गेलं. स्विच नुसती खबर देतो, जाड करंट त्याच्यातून जातच नाही. त्यामुळे तिथे या कंडेन्सरची गरजही संपली. आमचं मशीन त्याच्या दोनच वर्षं आधीचं.

दिसतो, पण जोडलेला नाही

आता गंमत बघा. डाव्या फ्लिपरचा कंडेन्सर जागेवर होता. फुगलेला नाही, फुटलेला नाही, चकाचक. मी म्हटलं, हा तर बरा दिसतोय. दादाने नखाने हलकेच ढकलला आणि तो लोंबायला लागला. एक पाय डबीच्या मुळाशीच तुटलेला! पिनबॉल मशीन दिवसभर हादरे खातं, त्यात हे पाय तुटतात. किती दिवस तो तसाच बसला होता कोण जाणे. जागेवर, दिसायला उत्तम, कामाला शून्य. ठिणग्या सगळ्या स्विचने खाल्ल्या.

दादा त्या तुटक्या पायाकडे बघत राहिला. मग टेबलाच्या खालूनच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो ग्रुप मी काढला ना, आई केअर. त्यात मी शेवटचं कधी काही लिहिलं?"

"दिवाळीला. लाडूंचा फोटो."

"हं."

तो 'हं' मला बाबांसारखा वाटला. मी म्हटलं, "दादा, बाबांचं जे बोलले ते चुकलं माझं."

"चुकलं नाही. लागलं." तो म्हणाला. "तेव्हाही मला वाटलं होतं की पैसे, डॉक्टर, सगळं लावून दिलं की झालं. आल्यावर दणकून काम करायचो आणि विमानात बसल्यावर वाटायचं, चला, आता सुटलं. तिथे पुढे रोज कोणी तरी धरून बसलंय, हे डोक्यात यायचंच नाही."

बेसमेंटमध्ये हीटर घुंघुं करत होता. भाची वरून ओरडली, "बरा झाला का?" आम्ही दोघं एकदम ओरडलो, "अजून नाही!"

नवा कंडेन्सर दादाकडे होता, या मशीनसाठी सुटे भाग तो आणूनच ठेवतो. २.२ च्या जागी २.२ च, व्होल्टेज २५० किंवा जास्त, कमी नाही. आणि फिल्म प्रकारचा, ज्याला उलटसुलट बाजू नसते. अधिक-उणे असलेला गोल डबीचा इलेक्ट्रोलिटिक इथे घालायचा नाही. दादाने स्विचचे ठिपके कानशीने घासले, जास्त खड्डे होते म्हणून शेवटी पट्टीच बदलली. मग सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलं. "डावा तुझा."

हात थरथरला, पण जमलं. पाय थोडे सैल ठेवले, म्हणजे हादऱ्याने परत तुटणार नाहीत. उजव्याचा कंडेन्सर दादाने एक पाय सुटा करून मीटरवर मोजला (जोडलेला असताना मोजला तर शेजारची कॉइल मीटरला फसवते). १.१ निघाला, अर्धाच. तोही बदलला. तो अगदी आतून बंद न होता शॉर्ट झाला असता तर अजून पंचाईत. स्विच उघडूनही जाड वायर चालूच राहिली असती. मग एक तर फ्यूज जातो, नाही तर कॉइल करपते.

टेबल खाली, काच, प्लग, स्विच. भाची खुर्चीवर चढली. डावं बटण दाबलं आणि फ्लिपरने असा फटका मारला की बॉल रॅम्प पार करून गेला! चकत्या गरगरल्या, पंखा सुरू झाला, आणि आमच्या तिघांच्या तोंडावर वारा.

एक्सेल शीट, नवी

त्या रात्री दादाने लॅपटॉप उघडला. मी म्हटलं, परत एक्सेल? तो म्हणाला, या वेळी कामं माझ्या कॉलममध्ये. इन्शुरन्सचे फोन त्याचे, आपली संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ, जमतं. औषधं ऑनलाइन मागवणं त्याचं. आयाबाईंच्या एजन्सीशी वाद घालणं त्याचं. आणि जूनमध्ये तो तीन आठवडे पुण्यात, एकटा, मी बाहेरगावी असाइनमेंटवर असताना. "काही नवीन आणायचं नाहीस," मी बजावलं. "नुसतं राहायचं. रात्री दोनला उठायचं."

"कबूल."

हे सगळं टिकेल का? माहीत नाही. मी हे लिहितेय तेव्हा दोन महिने झालेत. इन्शुरन्सचा फोन मला एकदाही करावा लागलेला नाही. एकदा औषधं उशिरा आली, तेव्हा मी ग्रुपवर फक्त लिहिलं, 'पाय तुटलाय का?' दहा मिनिटांत उत्तर आलं.

मागच्या रविवारी आईच्या खोलीतला पंखा मंद झाला. इलेक्ट्रिशियनकाका गावाला गेलेले. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून २.५ चा कंडेन्सर आणला, स्टूल लावलं आणि दादाला व्हिडिओ कॉल केला. आई पलंगावरून बघत होती.

"मेन स्विच बंद केलास का?" दादाने विचारलं.

"केला."

"नक्की?"

"दादा, पाना धर म्हणालास तर ठीक आहे, एवढं नको विचारूस!"

आई हसली. पंखा चालू झाला तेव्हा ती म्हणाली, "आता तीनवर ठेव. पाचवर मला गार होतं."

(चौकट)
उघडण्यापूर्वी वाचा!
* मशीन असो वा पंखा, वीज पूर्ण बंद केल्याशिवाय हात घालू नका. मशीनचा प्लगच काढा.
* वीज गेली तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहू शकतो. थोडं थांबा, मीटरने व्होल्टेज तपासा, मगच हात लावा.
* मायक्रोफॅरड जेवढे लिहिलेत तेवढेच हवेत. व्होल्टेज तेवढं किंवा जास्त चालेल, कमी नाही.
* अधिक-उण्याची खूण असलेला कंडेन्सर उलटा लावू नका, आणि जिथे बिनखुणेचा होता तिथे खुणेचा लावू नका.
* स्विच जळला असेल तर नुसता घासून गप्प बसू नका. का जळला, ते बघा.